आईला सांभाळण्याचा खर्च कुठल्या योजनेत बसतो? बेळगाव सीमाभागातून खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, कर्नाटक राज्य
मा. संचालक, दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खातं, कर्नाटक राज्य
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
प्रत : मा. सीमाभाग समन्वय मंत्री, महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय/महोदया,

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना घरी सांभाळणारी आम्ही मुलं, मुली आणि सुना हे पत्र लिहितो आहोत. कुणी बेळगाव शहरातले, कुणी खानापूरच्या जंगलकडेच्या वाड्यांतले, कुणी निपाणी, चिकोडी, अथणीकडचे. पत्र आपल्याला आहे, पण उघड लिहितो आहोत. कारण हाच आजार शेजारच्या घरातही असतो आणि तिथं त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलेलं असतं.

कर्नाटक सरकारने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना १,००० रुपयांचा भत्ता जाहीर केला. घरच्या माणसाची सेवा हेही काम आहे, हे सरकारने मान्य केलं याचं आम्हाला मनापासून बरं वाटलं. पण त्या यादीत स्मृतिभ्रंश नव्हता. आठ-आठ, दहा-दहा वर्षं चालणारा आणि घरातलं एक माणूस रात्रंदिवस अडकवून ठेवणारा आजार यादीबाहेर कसा राहिला, याचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही.

आधी कामाचा हिशेब मांडतो, कारण आजार म्हटला की योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोळी आणि खाट येते. या आजारात गोळ्यांचा वाटा लहान. डोनेपेझिल, मेमँटिन यांनी काहींची लक्षणं थोडा काळ आटोक्यात राहतात, आजार थांबत नाही. जनऔषधी केंद्रात मिळाल्या तर त्या परवडतातही. पैसा जातो तो बघणाऱ्या माणसावर.

मधल्या टप्प्यात आई चालती-फिरती असते आणि सगळा घोर त्याचाच असतो. दिवेलागणीला तिची घालमेल सुरू होते. ‘मला घरी जायचंय’ म्हणत ती स्वतःच्याच घराच्या दाराशी जाते. कडी हाताच्या उंचीवर असेल तर काढून रस्त्याला लागते, म्हणून दुसरी कडी दाराच्या वरच्या टोकाला, नजरेपलीकडे बसवावी लागते. प्रत्येक स्वयंपाकानंतर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. न्हाणीची फरशी कोरडी, तिथं भिंतीला आधाराचा दांडा, आणि तो प्लास्टिकच्या खुंटीवर नव्हे, स्क्रूने घट्ट बसवलेला. कारण तोल गेला की अख्ख्या अंगाचा भार त्याच्यावर येतो. रात्री ती दोन-तीनदा उठते आणि तेवढ्या वेळा दुसरं कुणीतरी उठतं. निपाणीकडे घरी बिड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजाराच्या हिशेबाने ठरते. सूप मांडीवर घेतलं की आई उठून दाराकडे जाते; सूप खाली ठेवायचं, तिला हाताला धरून आणायचं, बसवायचं, परत पान घ्यायचं. संध्याकाळी हजार पुरे होत नाहीत. ही बुडालेली मजुरी आरोग्य खात्याच्या कुठल्याच आकड्यात येत नाही.

शेवटच्या टप्प्यात आई अंथरुणाला लागते. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. चुकलं की माकडहाड, खुबा आणि टाच इथली कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि एकदा पडलेली जखम भरायला महिने लागतात. गिळणं बिघडलं की पाणी आणि चहासारखे पातळ पदार्थच जास्त धोक्याचे, कारण ते चटकन श्वासनलिकेत उतरतात. आंबील किंवा पेज दाटसर करायची, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून चमच्याने भरवायची आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. घाईत आडवं ठेवून पाजलं की न्यूमोनियाला आमंत्रण. हे सगळं शिकून घेता येतं, पण आम्हाला ते शिकवणारं सरकारी दवाखान्यात कुणी भेटत नाही.

आता पैसे. घरी येणाऱ्या आयाच्या बारा तासांच्या एका पाळीला ५०० रुपये धरले तर महिन्याचे १५,००० होतात. डायपर दिवसाला चार, महिन्याला १२०. एक ३५ रुपयांचा धरला तर ४,२००. झाले १९,२००. यात रात्रीची पाळी नाही, औषधं, फिजिओथेरपी, खाटेवरची अंथरायची पॅडं, मलम, हातमोजे काहीच नाही. वर्षाचे २,३०,४००. मधला आणि शेवटचा टप्पा मिळून पाच वर्षं चालला तर ११,५२,०००. सीमाभागातल्या किती घरांत एवढी रक्कम शिल्लक असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मग शेताचा तुकडा जातो, नाहीतर पुण्या-गोव्यात कामाला असलेली लेक नोकरी सोडून परत येते.

आणि हे थोड्यांचं दुखणं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासात ६० वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आढळलं, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार : सरकारी मदत रुग्णालयाच्या दारातच सुरू होते आणि तिथंच संपते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. केंद्राने २०२४ मध्ये ७० वर्षांवरच्या सर्वांसाठी ५ लाखांचं कवच जाहीर केलं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला. तिन्हींचा पाया एकच, दाखल झाल्यावरचे उपचार. रात्री तीनला आई एकटी उठली, न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर त्या शस्त्रक्रियेला योजना आहे. त्या रात्री तिचा हात धरायला जे माणूस हवं होतं, त्याच्या पगाराला मात्र एकाही योजनेत रकाना नाही. शस्त्रक्रियेनंतर भूल, अनोळखी वॉर्ड, नळ्या आणि जागरणं यांमुळे अशा रुग्णाचा गोंधळ बहुधा वाढतो. घरी येते तेव्हा एकाऐवजी दोन माणसं लागतात. पाठीची जखम चिघळल्यावर, छातीत न्यूमोनिया झाल्यावरही हीच गोष्ट. घरच्या देखभालीवर खर्च केला असता तर वाचला असता असा पैसा सरकार नंतर रुग्णालयाला देतं, आणि आईच्या अंगाला व्हायच्या त्या यातना होऊन गेलेल्या असतात.

खासगी विम्यात वेगळं काही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांसारखाच विमा मिळाला पाहिजे. पण पॉलिसीत सहसा २४ तास दाखल असण्याची अट असते. घरची आया आणि डायपर तिच्यात बसत नाहीत. आयकराच्या नियमांत स्मृतिभ्रंशाचं नाव आहे, ज्येष्ठांच्या उपचारखर्चासाठी एक लाखापर्यंत वजावट आहे. तिचा उपयोग जुन्या करपद्धतीत कर भरणाऱ्यालाच. शेतमजुराच्या घराला तिचा काय आधार?

दुसरी तक्रार दिव्यांग दाखल्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहेत, स्मृतिभ्रंश नावाने नाही. तो ‘मानसिक आजार’ या सदरात बसतो, कारण त्या व्याख्येत स्मरणशक्तीचा उल्लेख आहे. हे माहीत नसल्यामुळे दाखल्याच्या खिडकीवरूनच ‘हा आजार यादीत नाही’ असं सांगून माणसं परत पाठवली जातात. तपासणीपर्यंत पोचलंच तर ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर गुण देतात : स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, आणि आजार किती काळ आहे. यात दोन अडचणी आहेत. आजाराचा काळ कागदावरून धरला जातो आणि कागद उशिरा झालेला असतो. चार वर्षं घरात चाललेलं दुखणं नोंदीत चार महिन्यांचं दिसतं. दुसरी अशी की या आजारात माणूस परक्यापुढे दहा मिनिटं अगदी व्यवस्थित बोलतो. ‘कशा आहात आजी?’ ‘बरी आहे बाळा, तू जेवलास का?’ डॉक्टरांना आई ठीक वाटते. घरी गेल्यावर ती मुलालाच विचारते, तू कुणाचा. सांभाळणाऱ्याची जबानी नीट घेतल्याशिवाय ही तपासणी खरी होत नाही.

एवढं करून ४० टक्क्यांच्या वर दाखला मिळाला तर पेन्शन ८०० रुपये, ७५ टक्क्यांच्या वर १,४००. ज्येष्ठांच्या ‘संध्या सुरक्षा’ पेन्शनचे १,२०० आधीच मिळत असतील तर दोन्ही पेन्शन एकत्र मिळत नाहीत. वरचे १९,२०० आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहा, एवढीच विनंती.

तिसरी तक्रार भाषेची, आणि ती आम्ही सीमावादाच्या ओझ्याशिवाय मांडतो आहोत. स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, आईची भाषा जास्त काळ टिकते. ज्या आजोबांनी चाळीस वर्षं बाजारात सराईत कन्नड बोलून व्यापार केला, त्यांना आज कन्नडमध्ये विचारलेलं समजत नाही. नेहमीच्या ३० गुणांच्या चाचणीत तारीख, महिना, साल विचारतात, शब्द उलटा लिहायला किंवा सांगायला लावतात, एक वाक्य लिहायला आणि एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे गुण तिथंच जातात. तिला ‘फेब्रुवारी’ सांगता येणार नाही, पण माघ चालू आहे, परवा अमावास्या आहे, हे ती सांगत असेल तर तिला काळाचं भान आहे. आणि उलटही होतं : तिला उत्तर देता आलं नाही याचं खापर भाषेवर फोडून खरा आजार दोन वर्षं मागे पडतो. दोन्हीकडून नुकसान तिचंच. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक असेल तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण या देशाने १९५६ पासून मान्य केलेलं आहे. दवाखान्यातल्या चाचणीला ते सगळ्यात आधी लागू व्हायला हवं होतं.

चौथी तक्रार पैशांचीच, पण आईच्या स्वतःच्या पैशांची. तिची ठेव बँकेत असते, पेन्शन येत असते आणि तिच्याच डायपरसाठी ती काढता येत नाही, कारण सही जुळत नाही. अंगठा चालतो, पण हात थरथरतो म्हणून सही न करू शकणाऱ्यासाठी. आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी ती सोय नाही. मुखत्यारपत्र आहे म्हणावं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी अस्थिर झाली की ते संपतं. नेमकं हवं तेव्हाच ते निकामी. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालक नेमता येतो, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व यांच्यासाठी. मानसिक आरोग्यसेवा कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता, पैशांना हात लावू शकत नाही. उरतो उच्च न्यायालयाचा रस्ता, म्हणजे आमच्यासाठी धारवाड खंडपीठ, वकिलाची फी आणि तारखा. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी आजार नुकताच कळला असेल त्यांना सांगतो : आई समजून सही करू शकते तोवरच खातं ‘दोघांपैकी कुणीही’ अशा पद्धतीने संयुक्त करा, वारस नोंदवा, मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच आठवड्यातला डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा. पण सरकारच्या व्यवस्थेची जागा आमच्या हुशारीने भरून निघणार नाही.

पाचवी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त टोचते. आशाताईंच्या हातात एक छापील तक्ता असतो, सीबॅक नावाचा. त्यात साठीपुढच्या माणसांसाठी प्रश्न आहे : जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? म्हणजे हा आजार घरोघरी जाऊन शोधायची सोय सरकारने आधीच केलेली आहे. आशाताई विचारतात, ‘हो’वर खूण करतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगतात. तिथं काय होतं? वयामुळे आहे, असं सांगून टॉनिकची बाटली मिळते. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, क्रिएटिनिन या रक्ततपासण्या आणि गरज असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन एवढं झालं तरी बऱ्या होऊ शकणाऱ्या कारणांची माणसं वेगळी निघतात : बी-१२ ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, पडल्यानंतर मेंदूवर साकळलेलं रक्त. दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ बऱ्याचदा लघवीच्या संसर्गाने, शरीरातलं पाणी कमी झाल्याने किंवा बद्धकोष्ठतेने असतो, आणि तो उपचाराने उतरतो. ‘आता वाढलंच’ म्हणून घरच्यांनी हात टेकायचे आणि डॉक्टरांनीही टेकायचे, असं होऊ नये. राज्याने बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेसोबत कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह हा मेंदूच्या आजारांसाठीचा उपक्रम सुरू केला आहे. आशाताईंची ती खूण त्या उपक्रमाला जोडली गेली पाहिजे.

वृद्धाश्रमांबद्दल थोडक्यात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम कल्पिला आहे. पण अनेक वृद्धाश्रमांच्या अर्जातच अट असते की येणाऱ्याने स्वतःचं स्वतः उरकलं पाहिजे. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद. आणि राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध विभाग असावा असं ठरलेलं आहे, त्याबद्दलची मागणी खाली आहे.

आमच्या मागण्या :

१. सांभाळणाऱ्यांच्या भत्त्याच्या यादीत स्मृतिभ्रंशाचा समावेश येत्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता, शासन आदेशाने करावा. १,००० रुपये अपुरे आहेत, तरी दार आधी उघडावं. रक्कम वाढवण्याचा विचार सर्वच आजारांसाठी व्हावा.

२. दिव्यांग दाखल्याच्या प्रत्येक केंद्रावर ‘स्मृतिभ्रंश मानसिक आजार या सदरात पात्र आहे’ हे कन्नड आणि मराठीत फलकावर लिहावं. तालुका रुग्णालयात महिन्यातला एक दिवस ठरवून द्यावा. अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी घरी जाऊन व्हावी. सांभाळणाऱ्याची जबानी नोंदवणं आणि आजाराचा काळ घरच्यांच्या सांगण्यावरून धरणं सक्तीचं करावं.

३. स्मरणशक्तीची चाचणी रुग्णाच्या मातृभाषेत व्हावी, न शिकलेल्यांसाठी वेगळे प्रश्न असावेत. मराठी बोलणाऱ्यांसाठी मराठी, तसंच उर्दू आणि कोकणी बोलणाऱ्यांसाठी त्यांची भाषा.

४. डायपर, खाटेवरची पॅडं, पाण्याची किंवा हवेची गादी आणि कमोड खुर्ची प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावी. गादी आणि खुर्ची परत घेऊन दुसऱ्याला देता येतात. खर्च वाटतो तेवढा नाही.

५. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी इथं प्रत्येकी एक दिवसभराचं केंद्र सुरू करावं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, निदान वीस जणांसाठी, ने-आण करणाऱ्या गाडीसह. गाडी नसेल तर केंद्र रिकामं राहील, हे आत्ताच सांगून ठेवतो. रिकाम्या पडलेल्या सरकारी इमारती वापरता येतील. दाराला एकच बाहेरची वाट, सपाट फरशी आणि आधाराचे दांडे असलेलं स्वच्छतागृह एवढी दुरुस्ती लागेल.

६. जिल्हा रुग्णालयाच्या वृद्ध विभागातल्या दोन खाटा सांभाळणाऱ्यांच्या वर्षातून सात दिवसांच्या विसाव्यासाठी ठेवाव्यात. सांभाळणाऱ्या सुनेचं स्वतःचं ऑपरेशन असेल तर सासूबाईंना कुठं ठेवायचं, याचं उत्तर आज कुणाकडे नाही.

७. प्रत्येक तालुक्यात घरच्यांसाठी आणि गावातल्या मुली-मुलांसाठी तीस दिवसांचं सेवा-प्रशिक्षण मराठी आणि कन्नडमध्ये द्यावं : कूस बदलणं, भरवणं, आंघोळ, जखम ओळखणं, रागावलेल्या रुग्णाशी बोलणं. आम्हाला प्रशिक्षित माणूस मिळेल, त्यांना काम मिळेल.

८. जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या बँकांची बैठक घेऊन स्मृतिभ्रंश झालेल्या खातेदाराच्या उपचारखर्चासाठी एक ठरीव पद्धत घालून द्यावी. पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयातच निकाली निघेल असा कायदा करण्यासाठी राज्याने केंद्राकडे पाठपुरावा करावा.

९. निपाणीहून कोल्हापूर आणि अथणीहून मिरज जवळ पडतं, धारवाड आणि बंगळूर लांब. दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या सरकारी रुग्णालयांतलं निदान, औषधाची चिठ्ठी आणि तपासण्या मान्य कराव्यात, म्हणजे आईला त्याच चाचण्यांसाठी पुन्हा गाडीत बसवावं लागणार नाही. सीमेचा निकाल न्यायालयात जेव्हा लागेल तेव्हा लागो. हे काम दोन आरोग्य खात्यांच्या पत्रव्यवहाराने होऊ शकतं.

यातल्या कुठल्या मागण्या मान्य, कुठल्या अमान्य आणि का, हे आपण ६० दिवसांत लेखी कळवावं. उत्तर कन्नडमध्ये आलं तरी आम्ही वाचून घेऊ. वृद्ध विभागाची, दाखल्याच्या केंद्रांची किंवा आमच्यापैकी कुणाच्या घराची पाहणी करायची असेल तर संध्याकाळी सहानंतर यावं. त्या वेळी आम्ही सगळे घरीच असतो.

आपले,
स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना सांभाळणारे कुटुंबीय
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी व अथणी परिसर